ग्रामसमूह आणि वाटाघाटीचे शिक्षण



महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनेचे अधिष्ठान मिळवून दिले. २०११ पासून राज्यातील पंचायत संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. ग्रामसभा, महिला सभा, बचत गट, पाणी वापर संस्था, वनहक्क समिती, शाळा व्यवस्थापन समिती अशी समूहांची एक मोठी साखळी आज गावोगाव उभी आहे. मात्र या समूहांतील सभासदांनी अधिकाऱ्यासमोर, व्यापाऱ्यासमोर किंवा शेजारच्या गावासमोर आपला प्रश्न कसा मांडावा, दिले-घेतले कोणत्या हिशेबाने करावे आणि मान्य झालेली गोष्ट अंमलात येईपर्यंत तिचा पाठपुरावा कसा करावा, याचे पद्धतशीर शिक्षण फार थोड्या ठिकाणी दिले जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

ग्रामीण माणसाला बोलता येत नाही, असा एक समज शहरात प्रचलित आहे. तो निराधार होय. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारा शेतकरी, दोन भावांच्या वाटणीत बांध कोणाकडे आणि विहीर कोणाकडे हे रात्र रात्र बसून मिटवणारे जाणते लोक, सोयरीक जमवताना दोन्ही घरांचा मान राखून देण्याघेण्याचा विषय काढणारी वडीलधारी स्त्री, हे सारे वाटाघाटीच्या कलेत तरबेजच असतात. परंतु तीच माणसे कचेरीच्या पायऱ्या चढली की एकतर हात जोडतात किंवा आवाज चढवतात. याचे कारण बुद्धीच्या अभावात नाही, अपरिचयात आहे. कागद कोठून निघतो, कोणाच्या टेबलावर थांबतो, निर्णय कोणाच्या अधिकारात असतो, हे ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या अंगच्या कौशल्याला तेथे वाव मिळत नाही. प्रशिक्षणाचे काम आहे ते हा अपरिचय दूर करण्याचे.

वशिला आणि पाठपुरावा

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घ्यावयास हवा. वाटाघाट म्हणजे दोन पक्षांनी आपापली गरज समोर ठेवून दोघांनाही पाळता येईल असा करार शोधणे. पाठपुरावा म्हणजे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत आपला विचार पुराव्यासह पोहोचवणे आणि निर्णय होऊन तो अंमलात येईपर्यंत त्याची साथ न सोडणे. या दोहोंचा वशिल्याशी काही संबंध नाही. वशिल्याने एकाचे काम होते, त्याची कोठेही नोंद राहत नाही आणि त्याचा खर्च बहुधा रांगेतल्या दुसऱ्या कोणाला सोसावा लागतो. पाठपुरावा गटाच्या नावाने, ठरावाच्या आधाराने आणि पोच घेऊन केला जातो. ज्या गावाने वशिल्याने रस्ता मिळवला, त्या गावाला पुढच्या कामासाठी पुन्हा नवा वशिला शोधावा लागतो. ज्या गावाने पाठपुराव्याने रस्ता मिळवला, त्या गावाला पुढच्या कामाची वाट माहीत झालेली असते.

चंपारण्याचा धडा

या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. बिहारमधील चंपारण्यात ‘तीनकठिया’ पद्धतीनुसार शेतकऱ्याला बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यासाठी नीळ पेरावी लागे. १९१७ साली महात्मा गांधी तेथे गेले, तेव्हा त्यांनी सभा आणि भाषणांना मागे ठेवले. त्यांनी व त्यांच्या वकील सहकाऱ्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी होई आणि जी जबानी तीत टिकत नसे ती बाजूला ठेवली जाई. हे काम गुप्त पोलिसांच्या उपस्थितीत चाले आणि त्याला कोणी हरकत घेत नसे. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली, गांधीजी तिचे सदस्य झाले आणि समितीसमोर पुरावा एवढा भक्कम होता की प्रश्न ‘अन्याय झाला की नाही’ हा न राहता ‘किती रक्कम परत करावयाची’ हा झाला. मळेवाल्यांनी बेकायदा वसूल केलेल्या रकमेचा केवळ एक चतुर्थांश भाग परत मिळण्यावर तडजोड झाली. अनेकांना तेव्हा ती अपुरी वाटली. पण मळेवाल्यांनी रक्कम परत केली याचाच अर्थ त्यांची सत्ता अमर्याद नव्हती हे सिद्ध झाले, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया पद्धतच संपुष्टात आली.

यातून प्रशिक्षकाने तीन गोष्टी घ्याव्यात. पुरावा आपणच आधी तपासावा, म्हणजे समोरच्याला तो खोडता येत नाही. जे करावयाचे ते उघडपणे करावे. आणि कोठे थांबावयाचे हे रकमेवरून ठरवू नये, मूळ हेतूवरून ठरवावे.

मेंढा-लेखाचा अभ्यासगट

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते सर्वांना परिचित आहे. पण या गावाचे खरे वैशिष्ट्य त्या घोषणेच्या मागे असलेल्या दोन व्यवस्थांत आहे. पहिली, ग्रामसभेतील निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. दुसरी, ग्रामसभेखेरीज गावात अभ्यासगट चालतो. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येऊन बसतात, कायदे वाचले जातात, शंका विचारल्या जातात. मात्र निर्णय घेण्याचा अधिकार अभ्यासगटाला नाही, तो ग्रामसभेचा. गावातील देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत अनेक वर्षे जोपासली.

या अभ्यासाचे फळ पुढे दिसून आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबू विकण्याची वेळ आली तेव्हा वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. वनखात्याच्या जुन्या कायद्याच्या दृष्टीने बांबू हे झाड होते. नव्या कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात केली होती. ग्रामसभेने कायद्यातील नेमक्या कलमावर बोट ठेवले आणि पत्रव्यवहार व चर्चा यांचा मार्ग सोडला नाही. अखेरीस २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायद्याच्या एका व्याख्येचे वाचन एका लहान गावाने इतक्या चिकाटीने केले की त्याचा लाभ पुढे वनहक्क मिळालेल्या इतर गावांनाही झाला.

ओझरचे पाणी

नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर हे गाव टोकाच्या भागात येते. कालव्याच्या माथ्यावरील शेतकऱ्याला भरपूर पाणी आणि शेवटच्या शेतकऱ्याला कोरडी चारी, ही तक्रार महाराष्ट्रात कोठेही ऐकू येते. ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९० नंतरच्या काळात तेथे पाणी वापर संस्था स्थापन झाल्या. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. खात्याने पाणी मोजून द्यावे, संस्थेने ते सभासदांत वाटावे, पट्टी संस्थेनेच वसूल करून खात्याला भरावी आणि आपल्या वाट्याच्या पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे हे शेतकऱ्याने ठरवावे, असे त्याचे स्वरूप होते.

या कराराची खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. खात्याची अडचण पट्टीच्या थकबाकीची आणि चाऱ्यांच्या दुरुस्तीची होती. शेतकऱ्याची अडचण पाण्याच्या अनिश्चिततेची होती. दोघांनी आपापली अडचण समोर ठेवली, तेव्हा एकाची अडचण सोडवण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती असल्याचे आढळले. पुढे वाघाडच्या लाभक्षेत्रातील चोवीस संस्थांनी मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभारली. पाणी वापर संस्थांना कायद्याचा भक्कम आधार देणारा महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ साली झाला. गावाचा अनुभव आधी आणि राज्याचा कायदा नंतर, असा हा क्रम आहे.

मागणी आणि गरज

वाटाघाटीच्या शास्त्रावर १९८१ साली रॉजर फिशर आणि विल्यम युरी या अमेरिकन लेखकांचा ‘गेटिंग टू येस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पक्षांनी आपल्या भूमिकेला चिकटून न बसता भूमिकेमागील हित शोधावे, हा त्याचा गाभा. आपल्या भाषेत यालाच मागणी आणि गरज यांतील फरक म्हणता येईल. प्रशिक्षण वर्गात हा फरक व्याख्येने न शिकवता उदाहरणाने शिकवावा.

समजा, एका वाडीला ओढ्यावर साकव हवा आहे. साकव ही मागणी झाली. गरज कोणती? पावसाळ्यात मुले शाळेत पोहोचत नाहीत, दूध संकलन केंद्रावर वेळेवर जात नाही, अडलेल्या बाईला दवाखान्यात नेता येत नाही. आता पुरावा पाहा. शाळेच्या हजेरीपटावर जुलै-ऑगस्टमध्ये त्या वाडीतील मुलांच्या नावापुढे किती गैरहजेऱ्या आहेत, हे शिक्षक पाच मिनिटांत काढून देऊ शकतो. दूध संस्थेच्या वहीत त्या दिवसांचे संकलन लिहिलेले असते. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत रुग्णांची माहिती मिळते. ‘आमचे फार हाल होतात’ या वाक्याने कोणतीही नस्ती पुढे सरकत नाही. ‘गेल्या तीन पावसाळ्यांत इतक्या मुलांचे इतके दिवस बुडाले’ हे वाक्य मात्र अधिकाऱ्याला आपल्या टिप्पणीत जसेच्या तसे उतरवून घेता येते. निवेदन लिहिताना हेच सूत्र धरावे: जे वाक्य अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे उपयोगी पडेल, ते त्याला आयते द्यावे.

गरज निश्चित झाली की पर्याय सुचू लागतात. साकवाला निधी यंदा नसेल तर फरशी पूल होईल काय? तोपर्यंत पावसाळ्यातील दोन महिने वाडीवरच वर्ग भरवता येईल काय? दूध गोळा करणारी गाडी दुसऱ्या बाजूने येईल काय? फक्त मागणी घेऊन गेलेल्या गटाला ‘नाही’ हे उत्तर मिळाले की तो रिकाम्या हाताने परततो. गरज आणि तीन पर्याय घेऊन गेलेल्या गटाला निदान एका पर्यायावर चर्चा करणे भाग पाडता येते. आणि बोलणी फिसकटलीच तर आपल्याजवळ कोणता मार्ग उरतो, हेही आधीच ठरलेले असावे. तो मार्ग जितका बळकट, तितका बोलणाऱ्याचा आवाज शांत राहतो.

वर्ग कसा घ्यावा

हे शिक्षण फळ्यावर होत नाही. पहिल्या दिवशी गटाकडून निर्णयाचा नकाशा काढून घ्यावा. आपला प्रश्न ग्रामपंचायतीच्या अधिकारातील, पंचायत समितीच्या, जिल्हा परिषदेच्या की राज्य शासनाच्या? तांत्रिक मान्यता कोण देतो, प्रशासकीय मान्यता कोण देतो, पैसा कोणत्या योजनेतून येतो? सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यासाठी जिल्हा परिषदेत खेटे घालण्यात गावांची वर्षे वाया जातात. नकाशात वेळही दाखवावी. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, जिल्हा नियोजन समितीचा वार्षिक आराखडा आणि राज्याचा अर्थसंकल्प हे सर्व ठराविक हंगामात तयार होतात. पेरणी झाल्यावर बियाणे मागण्यात अर्थ नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. विधिमंडळातील तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि विनंती अर्ज समिती ही लोकप्रतिनिधीमार्फत वापरता येणारी साधने आहेत, याचीही ओळख करून द्यावी.

दुसऱ्या दिवशी भूमिकापालट करावा. गावकऱ्यांपैकीच एकाने गटविकास अधिकारी व्हावे, एकाने उपअभियंता, एकाने या कामाला विरोध असलेला शेजारचा जमीनमालक. अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसासमोर दहा गावांच्या मागण्या आणि तीन कामांपुरता निधी ठेवावा. या पाठाचा परिणाम मोठा असतो. नकार हा नेहमी दुष्टपणातूनच येतो असे नाही हे तेथे उमगते, आणि त्याचबरोबर टोलवाटोलवी कशी ओळखावी हेही समजते. ‘पाहू’, ‘वर विचारतो’, ‘तुमचा अर्ज मिळालाच नाही’ या उत्तरांवर प्रत्येक वेळी कोणता पुढचा प्रश्न विचारावयाचा, याचा सराव येथेच करून घ्यावा. ‘वर म्हणजे कोणाकडे, आणि आम्ही कोणत्या तारखेला येऊ?’ एवढा साधा प्रश्नही सरावाशिवाय तोंडातून निघत नाही.

तिसऱ्या दिवशी लेखन. निवेदन एका पानाचे, सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, आणि आवक क्रमांकासह पोच. बैठक संपल्यावर दोन दिवसांत ‘आपल्याशी झालेल्या चर्चेत पुढील गोष्टी ठरल्या’ असे सौजन्यपूर्ण पत्र पाठवावे. तोंडी आश्वासन बदलीबरोबर जाते; पत्र नस्तीत राहते. बैठकीला तिघांनी जावे: एकाने बोलावे, एकाने लिहावे, एकाने ऐकत राहून राहिलेला मुद्दा शेवटी मांडावा. या तिघांत एक तरी स्त्री असावी, आणि तिचे काम केवळ हजेरी लावण्याचे नसावे.

गटाच्या आतील वाटाघाट

बाहेर बोलण्यापूर्वी गटाने आपल्या आत बोलावयास हवे. हा भाग सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गावाची मागणी म्हणून जे पुढे येते ते अनेकदा गावातील चार घरांचे म्हणणे असते. नळयोजनेची टाकी कोठे बांधावयाची यावर वस्तीचे, मजुरांचे, स्त्रियांचे मत विचारलेच गेले नाही, तर अधिकाऱ्याशी झालेली यशस्वी बोलणी गावात नवे भांडण निर्माण करतात. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे ती याच कारणासाठी.

दारूबंदीच्या मतदानाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. २००८ च्या शासन आदेशानुसार एखाद्या गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूचे दुकान बंद करण्याबाबत गुप्त मतदान घेतले जाते. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी बाटली म्हणजे चालू. दुकान बंद होण्यास झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत, तर गावातील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे जी बाई घरीच राहिली तिचे मत नकळत दुकानाच्या बाजूला पडते. मजुरीला गेलेल्या, माहेरी गेलेल्या, भीतीने गप्प बसलेल्या प्रत्येक स्त्रीपर्यंत घरोघर जाऊन पोहोचल्याशिवाय हे मतदान जिंकता येत नाही. ज्या गावांनी ते जिंकले त्या गावांतील स्त्रिया मोर्चाने जिंकल्या नाहीत. मतदार यादी हातात घेऊन, नावापुढे खूण करीत, उंबऱ्या-उंबऱ्यावर बसून जिंकल्या. याहून चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

हक्काची घासाघीस नको

वाटाघाटीच्या शिक्षणात एक धोका आहे व तो वेळीच ओळखावा. सर्वच गोष्टी बोलणीतून मिळवावयाच्या असतात, असा समज गटात रुजू देऊ नये. जी गोष्ट कायद्याने मिळालेली आहे तिच्यावर तडजोड करावयाची नसते; ती केव्हा आणि कशी मिळणार एवढेच विचारावयाचे असते. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने मागेल त्याला काम हे तत्त्व स्वीकारले, तेव्हा काम मागणाऱ्या मजुराने ‘अर्धे दिवस तरी द्या’ अशी घासाघीस करणे हे त्या तत्त्वाचाच पराभव करणारे होते; त्याने तारखेची पोच मागणे हाच खरा मार्ग होता. माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) यांनी मुदतीची शिस्त घालून दिली आहे. हक्क कोठे संपतो आणि वाटाघाट कोठे सुरू होते, याची रेषा प्रशिक्षकाने प्रत्येक प्रश्नात प्रथम आखून दाखवावी.

दुसरा धोका गटाच्या प्रतिनिधीचा. कचेरीत ओळखी झालेला, बोलण्यात वाकबगार झालेला एकच माणूस दरवेळी पुढे जाऊ लागला, तर काही वर्षांत तो गावाचा प्रतिनिधी न राहता गाव आणि कचेरी यांच्यामधला मध्यस्थ बनतो. यावर उपाय सोपा आहे. बोलणारे माणूस पाळीपाळीने बदलावे आणि प्रत्येक बैठकीचा वृत्तांत ग्रामसभेत वाचून दाखवावा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. जेथे एका पक्षाजवळ सर्व सत्ता आणि दुसऱ्याजवळ काहीच नाही, तेथे केवळ चतुर बोलण्याने न्याय मिळत नाही. तेथे संघटन वाढवावे लागते, न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, शांततामय मार्गाने लोकमत जागवावे लागते. मात्र या सर्वांच्या शेवटी पुन्हा दोन पक्षांना एका टेबलाशी बसावेच लागते. त्या दिवशी गटाला काय मागावयाचे, काय सोडावयाचे आणि काय कदापि सोडावयाचे नाही, हे सांगता आले नाही, तर मोठ्या कष्टाने उभारलेली चळवळ हातची जाते.

प्रशासनाचे हित

शेवटी एक शंका. गावे अशी शिकून तयार झाली तर अधिकाऱ्यांची डोकेदुखी वाढणार नाही काय? आरंभी वाढेल हे खरे. तयारी न केलेल्या जमावाला आश्वासनावर परत पाठवता येते. हजेरीपटाची प्रत घेऊन आलेल्या तीन माणसांना उत्तर द्यावे लागते. पण याच तीन माणसांमुळे अधिकाऱ्याला खरी गरज कळते, योजनेचा पैसा योग्य जागी पडतो आणि झालेल्या कामाची राखण करणारे कोणीतरी गावात असते. ओझरच्या चाऱ्या शेतकऱ्यांनी सांभाळल्या, कारण त्या पाण्याचा करार त्यांनी स्वतः केला होता.

म्हणून पंचायत सदस्यांनी आपल्या गावात अभ्यासगट सुरू करावा. शिक्षकांनी त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ आणि शाळेची एक खोली द्यावी. अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा त्या गटासमोर बसून आपल्या खात्याचा कागद कसा चालतो, हे मोकळेपणाने समजावून सांगावे. यासाठी नव्या योजनेची किंवा मंजुरीची आवश्यकता नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवला, तरी या शिक्षणाचा प्रारंभ होऊ शकेल.